चेरीची होळी आणि चार्ल्स मार्लॅट

जानेवारी १९१० च्या अखेरीस अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन स्मारकाच्या परिसरात, चेरीच्या दोन हजार झाडांचे ढीग रचून त्यांना आग लावण्यात आली. ही झाडे म्हणजे टोकियो शहराने वॉशिंग्टन शहराला दिलेली भेट होती. वसंतात गुलाबी-पांढऱ्या फुलांनी डवरणारी जपानी चेरी पोटोमॅक नदीच्या काठी लावावी, ही राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट यांची हौस. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी ती पुरवली होती. झाडे जहाजाने डिसेंबरात सिअ‍ॅटलला उतरली, तिथून रेल्वेने निघाली आणि ६ जानेवारीला वॉशिंग्टनला पोचली. दोन आठवड्यांत सरकारी तपासनिसांचा अहवाल आला आणि राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांना झाडे जाळायला संमती द्यावी लागली. मित्रदेशाने दिलेली भेट चुलीत घालण्याचा हा प्रकार होता. जपानी राजदूताला समजावून सांगताना परराष्ट्र खात्याची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते.

हा अहवाल ज्यांच्या हाताखाली तयार झाला ते गृहस्थ म्हणजे चार्ल्स लेस्टर मार्लॅट. अमेरिकी कृषी खात्याच्या कीटकशास्त्र विभागातले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. परदेशातून आलेल्या फुलांच्या खोक्याला विमानतळावर आज जी तपासणी चुकवता येत नाही, तिच्या मागे असलेला कायदा अमेरिकेत याच माणसाच्या चिकाटीने झाला. काहींच्या मते हेकेखोरपणाने.

मार्लॅट यांचा जन्म १८६३ चा. ते वाढले कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटन या गावात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनशी त्याचा काही संबंध नाही. तिथल्याच कृषी महाविद्यालयात ते शिकले, काही काळ तिथे शिकवलेही. महाविद्यालयाच्या अध्यक्षांचा मुलगा डेव्हिड फेअरचाइल्ड त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. दोघांची लहानपणापासून मैत्री, दोघांनाही झाडाझुडपांचे वेड, आणि दोघेही पुढे वॉशिंग्टनला कृषी खात्यातच नोकरीला लागले. मात्र एकाचे काम जगभर फिरून नवनवी झाडे देशात आणण्याचे, तर दुसऱ्याचे काम झाडांवरच्या किडी शोधण्याचे. पुढच्या भांडणाचे बी तिथेच पडले होते.

मार्लॅट यांचे एक काम आजही दर काही वर्षांनी बातम्यांत येते. अमेरिकेत सिकाडा नावाचे कीटक १३ किंवा १७ वर्षे जमिनीखाली काढून एकाच वेळी लाखोंनी बाहेर पडतात. कोणता थवा कोणत्या वर्षी निघणार याचा हिशेब ठेवण्यासाठी थव्यांना रोमन आकडे देण्याची पद्धत मार्लॅट यांनी १८९८ मध्ये घालून दिली. २०२४ साली तेरावा आणि एकोणिसावा थवा एकदम निघाला म्हणून गाजावाजा झाला, ते क्रमांक त्यांच्याच पद्धतीचे. पण हे झाले अभ्यासकाचे काम. त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते टाचणीच्या डोक्याएवढ्या एका किडीने.

सॅन होजे खवले कीड हे तिचे नाव. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावाजवळच्या फळबागांत ती १८७० च्या दशकात दिसली म्हणून ते नाव पडले. ही कीड झाडाच्या सालीवर चिकटून रस शोषते आणि अंगावर मेणासारखे राखाडी खवले पांघरून बसते, त्यामुळे बघणाऱ्याला ती सालीवरची धूळच वाटते. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते. पिल्ले स्वतःच्या पायांनी फार लांब जाऊ शकत नाहीत. पण माणसाने ती सोय केली. रोपवाटिकांतली कलमे रेल्वेने देशभर जाऊ लागली आणि त्यांच्या सालीला चिकटून कीडही गेली. १८९३ मध्ये ती देशाच्या पूर्व भागात सापडली तेव्हा कळले, की न्यू जर्सीतल्या रोपवाटिकांनी तिचे वाटप कधीच करून टाकले आहे. सफरचंद, नासपती, पीच यांच्या बागाच्या बागा वाळल्या.

ही कीड मुळात आली कुठून? बरेच जण जपानकडे बोट दाखवत होते. मार्लॅट यांनी त्याचा छडा लावायचे ठरवले. १९०१ मध्ये ते पत्नी फ्लॉरेन्स यांच्यासह आशियाच्या दौऱ्यावर निघाले. जपानमध्ये खेडोपाडी हिंडून त्यांनी झाडे तपासली. त्यांना दिसले ते उलटेच होते. जिथे जिथे अमेरिकेहून मागवलेली कलमे लावली होती तिथे कीड होती. जुन्या, एकाकी मुलखातल्या झाडांवर नव्हती. म्हणजे जपानने ती अमेरिकेला दिली नव्हती, अमेरिकेने जपानला दिली होती. पुढे उत्तर चीनमध्ये, चीनच्या भिंतीच्या परिसरात, जिथे परदेशी कलम कधी पोचले नव्हते अशा ठिकाणच्या स्थानिक फळझाडांवर त्यांना ती थोड्या प्रमाणात मिळाली. तिच्या सोबत तिला खाणारा एक छोटा ढालकिडाही मिळाला. कीड तिथे होती, पण झाडे मरत नव्हती. खाणारा आणि खाल्ला जाणारा यांचा हिशेब तिथे जुळलेला होता.

मार्लॅट यांनी ते ढालकिडे अमेरिकेला धाडले. बहुतेक हिवाळ्यात मेले. उरलेल्या मोजक्यांपासून पैदास करून ते राज्याराज्यांत सोडण्यात आले, पण त्यांचा तिथे जम बसला नाही. या दौऱ्याची किंमत मात्र मार्लॅट यांनी घरातून मोजली. प्रवासात फ्लॉरेन्स आजारी पडल्या आणि १९०३ मध्ये त्यांचे निधन झाले.

या दौऱ्यातून मार्लॅट यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, आणि तीच त्यांच्या पुढच्या सगळ्या वादांचे मूळ आहे. कीड मायदेशी निरुपद्रवी असते म्हणून ती परदेशातही तशीच राहील, असे नाही. तिचे शत्रू मागे राहतात, आणि नव्या देशातल्या झाडांनी तिच्याशी झुंजायची सवय कधी केलेली नसते. याचा भीषण पुरावा १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या चेस्टनटच्या झाडांवर दिसू लागला होता. आशियातल्या चेस्टनटला किरकोळ त्रास देणारी एक बुरशी आयात झाडांबरोबर आली आणि पुढच्या चार-पाच दशकांत तिने अमेरिकी चेस्टनटची अब्जावधी झाडे संपवली. आता प्रश्न असा, की तपासनिसाने बंदरावर नेमके काय शोधायचे? ज्या बुरशीला तिच्या मायदेशात कोणी रोग म्हणूनही ओळखत नाही, तिचे नाव यादीत येणार कुठून?

युरोप या बाबतीत आधी शहाणा झाला होता, तोही ठेच लागून. अमेरिकेतून गेलेल्या फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यावर १८८१ मध्ये बर्न शहरात देशोदेशींचा करार झाला. त्यात द्राक्षाच्या वेली आणि रोपे यांच्यावर निर्बंध आले. गंमत म्हणजे वाइन, बिया, फळे, भाजीपाला यांच्याबरोबर तोडलेली फुले मात्र या करारात मोकळी सोडली होती. फायलोक्सेरापुरता तो निर्णय बरोबरच होता, कारण ती कीड मुळांवर आणि द्राक्षाच्या पानांवर राहते, गुलाबाच्या दांडीवर नाही. पण तोडलेले फूल म्हणजे निर्धोक, हा समज त्यानंतर बराच काळ टिकला.

अमेरिकेत असला कोणताच देशव्यापी कायदा नव्हता. तो व्हावा म्हणून मांडलेले प्रस्ताव रोपवाटिकांचे मालक हाणून पाडत. युरोपातून स्वस्तात येणाऱ्या कलमांवर त्यांचा धंदा चालत होता. इतर देशांनी नाकारलेला माल निमूटपणे उतरवून घ्यायला अमेरिकेची बंदरे मोकळी होती. १९०९ मध्ये फ्रान्सहून आलेल्या रोपांवर ब्राउन-टेल पतंगाच्या अळ्यांची घरटी ठिकठिकाणी सापडली, तरी काँग्रेस हलली नाही.

आणि मग चेरीची झाडे आली.

त्यांत काय नव्हते? मुळांवर गाठी, सूत्रकृमी, खोडात पोखरणाऱ्या अळ्या, सालीवर दोन-तीन जातींची खवले कीड, आणि त्यांत मार्लॅट यांची जुनी ओळखीची सॅन होजे खवले कीडही. झाडे बरीच मोठी होती आणि त्यांची मुळे आखूड छाटलेली होती. मोठे झाड म्हणजे जास्त साल, जास्त फटी, किडीला लपायला जास्त जागा. टोकियोने कौतुकाने थोराड झाडे पाठवली होती. तेच कौतुक नडले.

या होळीत सर्वांत जास्त पोळले ते फेअरचाइल्ड. वॉशिंग्टनला चेरीचे वेड लावणाऱ्यांत ते आघाडीवर होते. १९०६ मध्ये त्यांनी योकोहामाच्या रोपवाटिकेतून चेरीची झाडे मागवून स्वतःच्या जमिनीवर लावून पाहिली होती, शाळकरी मुलांना रोपे वाटली होती. आता त्यांच्याच बालमित्राच्या अहवालाने ती सगळी खटपट जळून गेली. मैत्री तुटली नाही, पण वाद चव्हाट्यावर आला. १९११ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकात मार्लॅट यांनी परदेशी किडी-रोगांविरुद्ध कायदा का हवा यावर लेख लिहिला; त्याच वर्षी त्याच मासिकात फेअरचाइल्ड यांनी देशात आणलेल्या नव्या झाडांचे गुणगान केले. मार्लॅट यांची बाजू भीतीची होती असे म्हणता येईल, पण ती भीती अनुभवाची होती.

जपानने या प्रकरणाला जे उत्तर दिले ते वादविवादापेक्षा फार मोलाचे होते. रागावून न बसता टोकियोने पुन्हा झाडे पाठवायचे ठरवले. अमेरिकेत राहणारे रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने, ज्यांचे नाव अ‍ॅड्रेनलिन वेगळे करण्याशी जोडलेले आहे, त्यांनी खर्चासाठी मदतीचा हात पुढे केला. या वेळी मोठी झाडे उपटून पाठवायची नव्हती. टोकियोजवळच्या अराकावा नदीकाठच्या प्रसिद्ध चेरींचे डोळे घेतले गेले. ते निरोगी जंगली खुंटांवर बांधले गेले. ही कलमे सरकारी प्रयोगकेंद्रात, तज्ज्ञांच्या डोळ्यांखाली वाढवली गेली, आणि निघण्यापूर्वी त्यांना विषारी वायूची धुरी दिली गेली. १४ फेब्रुवारी १९१२ रोजी १२ जातींची ३,०२० झाडे योकोहामाहून निघाली आणि २६ मार्चला वॉशिंग्टनला पोचली. तपासनिसांना हरकत घेण्याजोगे काही सापडले नाही. दुसऱ्याच दिवशी हेलन टाफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी चिंदा यांनी पहिली दोन झाडे लावली. नदीकाठी आजही फुलणाऱ्या चेरीची सुरुवात ती हीच.

दोन वर्षांच्या अंतराने एकाच देशातून, एकाच झाडाचा माल आला. एक सगळा जाळावा लागला, दुसरा स्वीकारला गेला. फरक वॉशिंग्टनमधल्या तपासणीत नव्हता. फरक जपानमधल्या मळ्यात होता.

२० ऑगस्ट १९१२ रोजी टाफ्ट यांनी वनस्पती विलगीकरण कायद्यावर सही केली. अंमलबजावणीसाठी जे संघीय उद्यान मंडळ नेमले गेले, त्याचे अध्यक्ष झाले मार्लॅट. पुढची १६ वर्षे ते त्या खुर्चीत होते.

सुरुवातीचे नियम एकेका रोगापुरते होते. पण मार्लॅट यांना चैन पडेना. १९१६ मध्ये न्यू जर्सीत रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत हिरव्या-तांबूस चकचकीत रंगाचा एक भुंगेरा सापडला. हा जपानी भुंगेरा. कायदा होण्याच्या सुमारास आयरिसच्या मुळांबरोबरच्या मातीतून त्याची अळी आली असावी, असे मानले जाते. अळी जमिनीत गवताची मुळे खाते आणि प्रौढ भुंगेरा पाने-फुले. गुलाब त्याला विशेष आवडतो. पाकळ्यांच्या आत शिरून तो निवांत खात बसतो. इथे पहिल्यांदा तोडलेल्या फुलांचा प्रश्न सरळ समोर उभा राहिला. फुलाला ना मूळ, ना माती; पण बाजाराला निघालेल्या गुलाबाच्या जुडीत चार भुंगेरे बसले असले, तर शंभर मैलांवरच्या गावी नवी वस्ती करायला तेवढे पुरे. त्यामुळे ज्या भागात हा भुंगेरा होता तिथून, तो उडतो त्या महिन्यांत, तोडलेली फुले तपासणी आणि दाखल्याशिवाय बाहेर नेण्यावर बंदी आली.

१ जून १९१९ पासून मार्लॅट यांचा सर्वांत वादग्रस्त नियम लागू झाला. विलगीकरण क्रमांक ३७. आधी परवानगी असायची आणि संशय आला तर बंदी, आता उलट. मातीसकट येणारी झाडे आणि बहुतेक सारी शोभेची रोपे बंद. ट्युलिप, हायसिंथ यांसारखे काही कंद, बिया, फळझाडांचे आणि गुलाबाचे खुंट असे थोडेच प्रकार चालू. हॉलंड, बेल्जियम, इंग्लंडमधले उत्पादक खवळले. बागकाम मंडळांतल्या श्रीमंत बायकांनी पत्रांचा भडिमार केला. त्यांचे ऑर्किड आणि अझेलिया अडले होते. रोगाचे नाव पुढे करून देशी रोपवाटिकांना संरक्षण दिले जात आहे, असा आरोप झाला. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. जे रोपवाटिकावाले १९१२ पूर्वी कायद्याला विरोध करत होते, त्यांतल्या अनेकांना आता परदेशी स्पर्धा थांबल्याचा आनंदच होता. फेअरचाइल्ड यांची तक्रार वेगळी होती: किडीला घाबरून दार लावले तर सोयाबीन, आंबा, खजूर अशी उपयोगाची झाडेही बाहेरच राहतील. या वादात सरसकट कोणाला बरोबर ठरवणे कठीण आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चेस्टनटसारखी गोष्ट पुन्हा घडू नये असे ज्याला वाटते, त्याने मार्लॅट यांच्या जागी बसून काय केले असते, हा प्रश्न उरतोच.

१९२७ मध्ये ते कीटकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. दोनच वर्षांनी फ्लोरिडात, ऑर्लँडो इथे, भूमध्य सागरी फळमाशी सापडली. राज्याच्या मोठ्या भागात फळे नष्ट करण्यात आली, रस्त्यांवर सैनिकांनी गाड्या अडवून फळे काढून घेतली. १९३० च्या मध्यापर्यंत माशी संपली. अशी माशी एखाद्या मोठ्या प्रदेशातून पूर्ण उखडल्याचे ते पहिले उदाहरण. बागायतदारांनी मात्र त्यांना कधी माफ केले नाही. १९३३ मध्ये ते निवृत्त झाले.

त्यांच्या हयातीत तोडलेली फुले प्रामुख्याने जवळच्या मळ्यांतून येत. विमाने आली आणि सारे बदलले. आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गुलाब-कार्नेशनचा मोठा वाटा कोलंबिया आणि इक्वेडोरमधून मायामी विमानतळावर उतरतो. तपासनीस खोक्यातली एखादी जुडी काढतो, पांढऱ्या कागदावर उलटी धरून झटकतो आणि काय पडले ते भिंगातून पाहतो. फुलकिडे, मावा, कोळी, पतंगाच्या अळ्या असे काहीही पडू शकते. पण झटकल्याने सगळे पडत नाही. फुलकिड्यांची अंडी पानाच्या पेशींत रुतवलेली असतात. नागअळी पानाच्या दोन थरांमध्ये असते. शेवंतीचा पांढरा तांबेरा लागण झाल्यावरही काही दिवस डोळ्याला दिसत नाही. फुलदाणीतून उतरलेली जुडी परसातल्या कचऱ्यावर पडली, की यांतले काही जिवंत बाहेर येते.

हा धोका कल्पनेतला नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातला एक फुलकिडा १९८० च्या दशकात शोभेच्या झाडाफुलांच्या व्यापारातून जगभर पसरला आणि जाताना टोमॅटोवरचे विषाणू सोबत नेऊ लागला. टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा ओढणारी अमेरिकन नागअळी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहे. ती १९९० च्या सुमारास भारतात शिरली, आणि शेवंतीच्या छाट कलमांबरोबर आली असावी असे मानतात.

म्हणून आता भर बंदरावरच्या झटकण्यावर नाही, तर मळ्यावर असतो. हरितगृहाला किडे शिरू न देणारी बारीक जाळी, आत चिकट पिवळे-निळे सापळे, दर आठवड्याची पाहणी, तोडणीनंतर निवड, थंड खोलीत पॅकिंग, आणि शेवटी सरकारी अधिकाऱ्याचा आरोग्य दाखला. ऑस्ट्रेलियाने २०१८ पासून अटी आणखी कडक केल्या. गुलाब, कार्नेशन, शेवंती यांच्या दांड्या तिथे ग्लायफोसेट या तणनाशकात बुडवाव्या लागतात, कारण तोडलेली दांडी मातीत खोवली तर मुळे फुटू शकतात आणि तिच्यातला रोग नव्या झाडात जिवंत राहतो. (पुष्पगुच्छातल्या गुलाबाच्या पाकळ्या गुलकंदाला किंवा मिठाईवर वापरू नयेत, त्याचे हेही एक कारण.)

व्हॅलेंटाइन दिनासाठी तळेगावहून परदेशी जाणाऱ्या गुलाबांनाही हा दाखला लागतो. फुले आली की तपासणी करणाऱ्या देशांत आता भारतही आहे. आपला किडी-रोगांविषयीचा कायदा १९१४ चा, म्हणजे अमेरिकी कायद्यानंतर दीडच वर्षांनी झालेला. आणि मार्लॅट यांच्या कायद्याची सावली हापूसवरही पडली होती. कोयीत लपणाऱ्या भुंग्याच्या भीतीने भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार बंद होते. ते २००७ मध्ये उघडले, तेही लासलगावच्या केंद्रात ४०० ग्रे मात्रेचे विकिरण दिल्यावर. पुन्हा तेच: उपाय निघण्याच्या ठिकाणी, पोचण्याच्या ठिकाणी नाही.

निवृत्तीनंतर मार्लॅट यांनी जुन्या वह्या काढल्या. फ्लॉरेन्सबरोबर १९०१-०२ मध्ये केलेल्या प्रवासाची रोजनिशी त्यांनी नीट लावली आणि ती १९५३ मध्ये पुस्तकरूपाने छापून आली. तेव्हा ते नव्वदीत पोचले होते. पुढच्या मार्चमध्ये ते वारले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेअरचाइल्डही गेले.